फेब्रुवारीत गावाला कुलूप असतं, मग आमची माणसं मोजायची कुठं?

ग्रामपंचायत सदस्य, धारूर तालुका

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या गावची सदस्य आहे. आईवडिलांनी आयुष्यभर ऊस तोडला, भाऊ-वहिनी अजून जातात.

जनगणनेत लोकांना सहभागी करून घ्या, असा निरोप पंचायतीला आलाय. दवंडी देऊ, ग्रामसभेत सांगू, त्यात अवघड काही नाही. पण माणसांची गणना होणार फेब्रुवारी २०२७ मध्ये, आणि आमच्या ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात त्या पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच परततात. तेव्हा गावात असतात म्हातारी माणसं, आजीजवळ ठेवलेली लेकरं आणि दाराला कुलपं. दवंडी ऐकणार कोण?

२०११ ला मी पाचवीत होते, पण शाळेत नव्हते. धाकट्या भावाला सांभाळायला आईसोबत उसाच्या फडावर होते. आमच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, ओढ्याच्या कडेला होत्या. तिथं कोणी नावं लिहायला आल्याचं मला आठवत नाही, आईलाही नाही. गावाकडं आजीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी एकलीच हाय बाबा, बाकीचे कारखान्याला गेलेत." तिनं खरं तेच सांगितलं. मग आम्ही चौघं कुठल्या कागदावर आलो? सदस्य झाल्यापासून हे जास्त टोचतं. रेशनचा राज्याचा कोटा २०११ च्या लोकसंख्येवरून ठरला. पंचायतीत सदस्य ७ की ९, अनुसूचित जाती-जमातींना जागा किती, तेही त्याच आकड्यांवरून ठरतं.

दुसरं म्हणजे, लोक घाबरायलेत. नाव तिकडं कारखान्याच्या गावात लागलं तर इकडच्या रेशनकार्डातून कटेल म्हणतात. काय सांगू त्यांना?

निवृत्त गुरुजी, अंबाजोगाई

ताई, २००१ आणि २०११ या दोन्ही वेळा मी प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन माणसं मोजणारा, होतो. २०११ ला गणना ९ ते २८ फेब्रुवारी चालली. नियम असा होता की त्या दिवसांत माणूस थोडा वेळ जरी आपल्या घरी राहिला असेल तर त्याची नोंद घरी करायची. पूर्ण काळ बाहेर असेल तर घरी लिहायचं नाही, जिथं असेल तिथं लिहायचं. म्हणजे तुमच्या आजीचं उत्तर बरोबरच होतं. तुमच्या चौघांची नोंद कोपीवर व्हायला हवी होती.

रेशनकार्डाची भीती मात्र घालवा. जनगणना कायदा १९४८ चा आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे ही माहिती कोणाला पाहता येत नाही, पुरावा म्हणूनही चालत नाही. कुठं मोजलं गेलं यावरून कार्ड कटत नाही आणि मतदारयादीतलं नावही जात नाही. ग्रामसभेत हे दोनदा सांगा, एकदा सांगून लोकांना पटत नाही. आणखी एक. म्हाताऱ्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत आणि प्रगणक दारात आला की दारामागं होतात. कलम ८ मध्येच लिहिलंय, रीतीनं जे नाव घ्यायचं नाही ते सांगण्याची त्यांच्यावर सक्ती नाही. बाकीची माहिती शेजारच्या पोरीनं सांगितली तर आम्ही लिहून घ्यायचो.

२०११ ला बीड जिल्ह्यात ० ते ६ वयाच्या १००० मुलांमागे ८०७ मुली निघाल्या, राज्यात सगळ्यात कमी. तो आकडा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. पण मोजलं म्हणूनच ते उघड्यावर आलं.

शिक्षिका, शिरोळ

तुमच्या टोळ्या येतात त्या भागातून लिहितेय. मोठी अडचण इथं आहे. माणसं मोजायच्या आधी घरांची यादी होते, तो टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मधला. तेव्हा शेतात एकही कोपी नसते, मग यादीत कुठून येणार? फेब्रुवारीत प्रगणक यादी घेऊन निघाला की तो पक्क्या घरांनीच फिरतो. नवी घरं त्यात घालायची असतात, पण त्यासाठी कोप्या कुठं पडल्यात ते आधी कोणीतरी सांगायला हवं. शिवाय बायामाणसं पहाटे फडावर जातात. दिवसा कोपीत एखादं लेकरू नाहीतर नुसती भांडी. रात्री यावं लागेल. मी येईन, आमच्या गावापुरतं तरी.

मुकादम (ऊसतोड टोळीचा प्रमुख), वडवणी

माझ्या टोळीत १४ कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या १४ जोड्या आहेत, २८ माणसं, लेकरं वेगळी. कारखाना ठरलेला असतो, पण कोप्या तीन-चारदा हलतात. तरी चिटबॉयला, म्हणजे ऊसतोडीवर देखरेख ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, ठाऊक असतं कोणती टोळी कुठं आहे. त्याला धरा. आणि लेकरांच्या जन्मतारखा निघायच्या आधी लिहून द्या, फडावर कोणालाच सांगता येत नाहीत.

ग्रामपंचायत सदस्य, धारूर तालुका

गुरुजी, आजीनं चुकीचं सांगितलं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आज घरी जाऊन आईला सांगते.

मुकादम भाऊ, चिटबॉयचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटायला मुकादम गावात येतात तेव्हाच यादी करायची असं ठरवतेय: टोळी, कारखाना, माणसं किती, लेकरं किती, मुकादमाचा फोन. प्रत्येक कोयत्याला एक कागद द्यायचा, त्यावर नावं, वयं, जन्मठिकाण. २०११ च्या फॉर्मात आधी कुठं राहत होता आणि का आला हेही विचारलं होतं. यावेळीही विचारलं तर आमच्या माणसांनी गावाचं आणि जिल्ह्याचं नाव नीट सांगावं. शिरोळला मोजले गेले तरी ते बीडहून आलेत हे त्यातून कळेल. या वेळी जातीचीही नोंद आहे, तिथंही दुसऱ्यानं अंदाजानं लिहू नये. यादीची एक प्रत आमच्या तहसीलदारांना आणि एक कारखाना ज्या तालुक्यात आहे तिथल्या तहसीलदारांना पाठवते.

शिरोळच्या ताई, भाऊ-वहिनी यंदा तुमच्याच बाजूला येणार आहेत. वहिनीला सातवा महिना असेल तेव्हा. कोपी कुठं पडली ते कळलं की इथंच लिहिते.