त्सुनामी: पैसा आधी यंत्रांवर की वाटांवर?

गलबत (धागाकर्ता)
२०११ च्या भूकंपानंतर जपानच्या हवामान संस्थेने तीन मिनिटांत त्सुनामीचा इशारा दिला. पण त्या पहिल्या इशाऱ्यात इवाते किनाऱ्यासाठी लाटेची उंची ३ मीटर सांगितली होती. तिथल्या तारो गावाला १० मीटरची भिंत होती. तिच्या भरवशावर काही माणसं थांबली. आकडा वाढवला तोवर वीज गेली होती आणि नवा इशारा अनेकांपर्यंत पोचलाच नाही. लाट भिंतीवरून आत आली.

आता २००४ मधलं इंडोनेशियाचं सिमेलुए बेट पाहा. भूकंपाच्या केंद्राजवळचं हे बेट, लाट दहाएक मिनिटांत आली. भोंगे नव्हते, बोया (लाटेची खबर देणारं समुद्रात तरंगतं यंत्र) नव्हता. पण १९०७ च्या लाटेची आठवण तिथल्या घराघरांत ‘स्मोंग’ या एका शब्दात जपलेली होती: जमीन जोरात हलली, समुद्र मागे हटला की डोंगर गाठायचा. सुमारे ७८ हजारांच्या वस्तीत सात माणसं गेली.

म्हणून पैसा आधी उंचवट्याकडे जाणाऱ्या वाटा, दिशाफलक आणि दरवर्षीची रंगीत तालीम यांवर खर्च व्हावा. यंत्रं नंतर.

दर्यावर्दी
साफ असहमत. ‘जमीन हलली की पळा’ हे जमीन हलली तरच उपयोगी. १८९६ साली जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर धक्का इतका हलका होता की कुणी तो मनावर घेतला नाही. सुमारे २२ हजार माणसं मेली. १९६० मध्ये चिलीतल्या भूकंपाची लाट २२ तासांनी जपानला पोचली, सुमारे १४० बळी गेले. २००४ मध्ये श्रीलंकेकडे जवळजवळ दोन तास होते, पण सांगणारी यंत्रणाच नव्हती. तीस हजारांवर माणसं गेली!

समुद्रतळावरचा दाबमापक पाण्याच्या पातळीतला सेंटीमीटरभर फरकही टिपतो आणि वरचा बोया तो उपग्रहामार्फत किनाऱ्याला कळवतो. दूरच्या लाटेला दुसरा उपाय नाही. हे ‘नंतर’ कसं चालेल?

गलबत
दूरच्या लाटेबाबत मान्य, ‘नंतर’ हा शब्द मागे घेतो. पण १९६० च्या त्याच लाटेत हवाईतल्या हिलो शहरात ६१ जण गेले आणि तिथे भोंगे काही तास आधीच वाजले होते. भोंगा वाजला म्हणजे लगेच घर सोडायचं की पुढच्या सूचनेची वाट पाहायची, हेच लोकांना नीट ठाऊक नव्हतं.

ओहोटी
वाया गेलेल्या इशाऱ्याचं काय? जुलै २०२५ मध्ये रशियाच्या कामचाटकाजवळ ८.८ चा भूकंप झाला. जपानात सुमारे २० लाख लोकांना हलायला सांगितलं. कडक उन्हाळ्यात माणसं उंचावर जाऊन बसली, गाड्या थांबल्या, आणि लाट दीड मीटरच्या आत राहिली. असं चारदा झालं तर पाचव्यांदा कोण उठेल? अंदाज पक्का होईपर्यंत सगळ्यांना पळवू नये.

दर्यावर्दी
तेवढा वेळच नसतो. पहिल्या काही मिनिटांत भूकंपाची जागा आणि ढोबळ तीव्रता एवढंच कळतं. लाटेचं खरं माप ती बोयाखालून गेल्यावर. खोल समुद्रात ती ताशी ७००-८०० किलोमीटरने येते. आणि पहिली लाट लहान म्हणून निर्धास्त होऊ नका. १९६४ मध्ये अलास्काच्या भूकंपानंतर कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीत पहिल्या लाटा ओसरल्यावर लोक साफसफाईला परतले. चौथी लाट सर्वांत मोठी होती.

ओहोटी
हे उदाहरण पटलं. तरी लाट लहान का राहिली, हे प्रत्येक वेळी लोकांना नंतर समजावून सांगायला हवं. ते केलं नाही तर विश्वास आटतो.

बंधारा
भिंती बिनकामाच्या, असा सूर वर दिसतोय. जपानमधलं फुदाई गाव विसरू नका. कोतोकु वामुरा या सरपंचांनी १५.५ मीटर उंचीचा पाणदरवाजा बांधून घेतला तेव्हा एवढी उंची कशाला, अशी टीका झाली. २०११ मध्ये त्यामागचं गाव वाचलं.

गलबत
वाचलं, खरंच. पण त्या दिवशी दरवाजाचा काही भाग अडकला होता आणि अग्निशमन दलाच्या माणसांनी जाऊन तो हाताने लावला. इतर ठिकाणी असेच दरवाजे लावायला गेलेले दलाचे कितीतरी स्वयंसेवक परतले नाहीत. तुमची भिंत मला चालेल. फक्त दरवाजा कोण लावणार आणि कितव्या मिनिटाला तो तसाच सोडून निघणार, हे आराखड्यातच लिहिलेलं हवं.