तीन रात्री कमी होत्या म्हणून हॉटेलात झोपलो: सभासदत्वाची निष्ठा परवडते का?

घडीची_बॅग (धागाकर्ता):
कामानिमित्त महिन्यातले चार-पाच दिवस दुसऱ्या शहरात जातात. चार वर्षं एकाच साखळीच्या हॉटेलांत उतरतोय, तिचा सभासद आहे: राहिलं की पॉइंट साठतात, त्यांवर फुकट रात्री मिळतात, आणि वर्षात जितक्या जास्त रात्री तितकी सभासदाची पायरी वर, सोयी जास्त. नाव देत नाही, एकीला झाकावी नि दुसरीला काढावी अशीच सगळ्यांची गत. गेल्या डिसेंबरात ॲपवर निरोप आला: वरच्या पायरीला फक्त तीन रात्री कमी आहेत.

घरापासून पंधरा मिनिटांवर त्याच साखळीचं हॉटेल आहे. तिथे जाऊन स्वतःच्या पैशाने तीन रात्री झोपलो! बायकोने पहिल्या दिवशी हसत आणि तिसऱ्या दिवशी न हसता विचारलं, "यातून नक्की मिळणार काय?"

वर्ष झालं, उत्तर देतो. सूट (म्हणजे बैठकीची जागा असलेली मोठी खोली) एकदा मिळाला. बाकी 'अपग्रेड' म्हणजे तीच खोली, सातव्याऐवजी नवव्या मजल्यावर. दोन ठिकाणी वरच्या पायरीवाल्यांचं लाउंज दुरुस्तीसाठी बंद. उशिरा चेकआउट मागितलं की "बघतो सर". आणि खरी बोच वेगळीच आहे. कामाच्या जागेला लागून एक चांगलं, स्वस्त हॉटेल असताना मी टॅक्सी करून लांबच्या 'आपल्या' हॉटेलात जातो. माझ्या मते हे सगळं गाजर आहे. बोला.

उशिरा_उठणारा:
साफ असहमत. तुमच्या साखळीचं माहीत नाही, मी मॅरियटवाला. त्यांच्याकडे वर्षाला २५ रात्रींच्या गोल्ड पायरीला दुपारी दोनपर्यंत चेकआउट मिळतं, तेही खोली मोकळी असेल तर. ५० रात्रींच्या प्लॅटिनमला मात्र चारपर्यंत. रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलांत तेही सवडीनुसार, पण साध्या शहरी हॉटेलात तो हक्क आहे. मीटिंग एकला संपते, विमान रात्री आठला. मधले तास लॉबीत बॅग सांभाळत काढायचे की अंघोळ करून तासभर आडवं व्हायचं? मला सूट नकोच आहे, झोपेत सगळे पलंग सारखेच. हे चार तास मला पुरतात. तुम्ही नियम न वाचता पायरी चढलात, त्याला पायरी काय करणार?

घडीची_बॅग:
चार तासांसाठी वर्षभर बांधून घ्यायचं? एखाद्या दिवशी जास्तीचे अर्ध्या दिवसाचे पैसे भरले तर तेही स्वस्त पडेल.

उशिरा_उठणारा:
तीन रात्रींचे भरलेत त्यापेक्षा नक्कीच स्वस्त :)

रात्रपाळी:
सहा वर्षं फ्रंट डेस्कवर होतो, त्यातली चार नाइट ऑडिटला, म्हणजे रात्री दिवसाचा हिशोब जुळवायला. दोघांचंही थोडं चुकतंय.

दारावरची पाटी साखळीची असते, इमारत बहुतेक वेळा भलत्याच मालकाची. सभासदाच्या बिलातला काही टक्का हॉटेल साखळीच्या निधीत भरतं. तुम्ही पॉइंटवर फुकट रात्र घेतलीत की साखळी त्या निधीतून हॉटेलला पैसे देते. ते बहुधा जेमतेम खर्चाइतके असतात. हॉटेल जवळपास भरलेलं असेल तरच नेहमीच्या भावाच्या आसपास मिळतात. म्हणजे कार्ड साखळीने दिलंय, पण सूट द्यायचा तो दुसऱ्याच्या खिशातून. मालकाला सूट विकायचाय, आणि संध्याकाळी सहापर्यंत तो विकला जाईल अशी आशा असते. दुपारी दोनला तुम्ही काउंटरवर येऊन विचारलंत तर "नाही" हेच उत्तर. यात डेस्कवरच्या पोराचा काही दोष नसतो, त्याच्यावर आवाज चढवणारे सभासद मी पोत्याने पाहिलेत. (सगळ्यात मोठा आवाज मधल्या पायरीवाल्यांचा. अगदी वरच्या पायरीचे लोक मुकाट किल्ली घेऊन जातात, दमलेले असतात बिचारे.)

खोल्यांची वाटणी आदल्या रात्री किंवा सकाळी होते. येणाऱ्यांची यादी पायरीप्रमाणे लावतात आणि वरून खाली जातात. एका रात्रीच्या पाहुण्याला सूट देणं सोपं, चार रात्रींसाठी अडकवायला कोणी धजत नाही. धागाकर्त्यांच्या चार-पाच दिवसांच्या मुक्कामाचं उत्तर इथेच आहे.

सरळमार्गी:
मला वेगळंच खटकलं. "स्वस्त हॉटेल सोडून लांबच्या हॉटेलात जातो" असं लिहिलंय. बिल कोण भरतं? कंपनी. पॉइंट कोणाच्या खात्यात? तुमच्या. याला आमच्याकडे सरळ शब्द आहे, तो इथे लिहीत नाही. विमान कंपन्यांनी १९८१ पासून हा खेळ मांडला, १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट त्यात उतरले. तेव्हापासून रोख कोणावर आहे हे उघड आहे: ज्याला निवड करता येते पण पैसे मोजावे लागत नाहीत, त्याच्यावर. तुम्ही गाजराची तक्रार करताय, पण ते विकत घेतलं दुसऱ्याच्या पैशाने.

घडीची_बॅग:
अहो, कंपनीने ठरवलेल्या मर्यादेतच राहतो. मर्यादेबाहेर एक पैसा गेला तर हिशोब खाते तीन मेल पाठवतं. आणि वर्षाला पन्नासच्या वर रात्री घराबाहेर काढतो त्याचं काय? मुलीचं गॅदरिंग फोनवर पाहिलंय मी. ते पॉइंट माझे नाहीत, घरच्यांचे आहेत.

सरळमार्गी:
मर्यादेत राहणं आणि मर्यादेला चिकटून राहणं यात फरक आहे. घराबाहेर राहण्याचा मोबदला हवा असेल तर तो पगारात मागा. फुकट रात्रींच्या रूपात परस्पर उचलू नका.

उशिरा_उठणारा:
पगारात मागून मिळत असता तर आम्ही इथे कशाला असतो राव.

एकटी_प्रवासी:
तुम्हा सगळ्यांची चर्चा सूट आणि चेकआउटभोवती फिरतेय. मी एकटी फिरते, रात्री अकराला पोचते. साखळीच्या हॉटेलात दाराला आतून दुसरी कडी असेल, पाहायचं भिंग असेल, खोली क्रमांक मोठ्याने न उच्चारता किल्लीच्या पाकिटावर लिहून देतील, हे मला आधी माहीत असतं. नव्या शहरात नवं हॉटेल आजमावण्याची हौस मला परवडत नाही. गाजर म्हणा नाहीतर काही.

घडीची_बॅग:
ताई, हा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ही खात्री ब्रँडची झाली, सभासद नसलात तरी कडी तीच असणार ना?

एकटी_प्रवासी:
कडी तीच, खोली वेगळी. माझ्या प्रोफाइलमध्ये 'वरचा मजला, लिफ्टजवळ' लिहून ठेवलंय. बहुतेक वेळा तशीच मिळते, कारण यादीत मी वर असते. बाहेरच्या बुकिंग साइटवरून आले होते तेव्हा तळमजल्याच्या टोकाची मिळाली होती. रात्रभर दिवा चालू ठेवून झोपले. पुन्हा तसं करणार नाही.

रात्रपाळी:
ताईंचं बरोबर आहे. बाहेरच्या साइटवरून आलेल्या बुकिंगवर हॉटेलला कमिशन द्यावं लागतं, त्यामुळे उरलेल्या खोल्या तिकडे जातात. त्या बुकिंगवर सहसा पॉइंट किंवा रात्रीही जमा होत नाहीत, हे कित्येकांना वर्षअखेरीस कळतं.

वही_खतावणी:
पॉइंट साठवणाऱ्यांना एकच सांगणं. हे असं चलन आहे की ते छापणाराच त्याचा भाव ठरवतो. हिल्टनने २०१७ मध्ये आणि मॅरियटने २०२२ मध्ये फुकट रात्रींचा ठरावीक तक्ता (कुठल्या हॉटेलला किती पॉइंट लागतील तो) काढून टाकला. आता मागणी वाढली की पॉइंटही वाढतात. हयात साखळीचा तक्ता अजून आहे, पण हॉटेलं वरच्या गटात सरकवता येतातच. वर मॅरियट-हिल्टनला २४ महिने खात्यात हालचाल नसली तर शिल्लक शून्य. बँकेत ठेवल्यासारखे पॉइंट ठेवणारे लोक पाहिले की मला घाम फुटतो.

माझा मार्ग: सगळ्यांचं फुकट सभासदत्व घ्या. सभासदांचा थोडा कमी दर आणि वायफाय पहिल्या दिवसापासून मिळतं, त्यासाठी एकाही रात्रीची निष्ठा लागत नाही. मग जे हॉटेल कामाजवळ असेल तिथे उतरा.

सरळमार्गी:
सगळीकडे माहिती वाटत सुटायची? मॅरियटने विकत घेतलेल्या स्टारवुड साखळीच्या डेटाबेसमधून २०१४ पासून माहिती चोरली जात होती, जाहीर झालं २०१८ मध्ये. पासपोर्ट क्रमांकसुद्धा गेले.

वही_खतावणी:
तो बुकिंगचा डेटाबेस होता. सभासद नसलेले पाहुणेही त्यात होते. हॉटेलात उतरायचंच नसेल तर गोष्ट वेगळी.

घडीची_बॅग:
वही-खतावणी, तुमचं वाचून शिल्लक पाहिली. बरीच आहे आणि खर्च कुठे केलीच नाही. आता आई-बाबांना घेऊन कुठेतरी जाऊन संपवतो म्हणतोय. सरळमार्गी, तुम्ही रागवालच, पण जातोय.

वही_खतावणी:
मग सलग पाच रात्री घ्या. मॅरियटला पॉइंटवर पाच घेतल्या तर चारचेच कापतात. हिल्टनलाही तसंच आहे, पण निदान सिल्व्हर पायरी असावी लागते. चार घेऊन परतू नका, पाचवी तिथेच पडून राहते.

रात्रपाळी:
आणि शनिवार-रविवार मध्ये येतील असं बघा. ऑफिसांच्या भागातली हॉटेलं तेव्हा निम्मी रिकामी असतात. काउंटरवर मागू नका, दोन दिवस आधी हॉटेलला मेल टाका: आई-वडील सोबत आहेत, लिफ्टजवळच्या दोन लागून खोल्या हव्यात. सूट हा शब्दच काढू नका. यादी लावणारा माणूस मेल वाचतो, मी वाचायचो.