मदत हवी आहे: 'हँडल विथ केअर' पाच जणांत बसवतोय, ऑर्बिसनच्या ओळींचं काय करू?

नमस्कार मंडळी,

सोसायटीच्या वर्धापनदिनाला आम्ही पाच मित्र ट्रॅव्हलिंग विल्बरीजचं (जॉर्ज हॅरिसन, रॉय ऑर्बिसन, जेफ लिन, टॉम पेटी आणि बॉब डिलन या पाच जणांचा बँड) 'हँडल विथ केअर' गाणार आहोत. तीन आठवडे उरलेत आणि गाडी एकाच जागी अडली आहे.

मूळ गाणं पांढरी पाचमध्ये, म्हणजे जी मेजर. जॉर्ज हॅरिसनची कडवी मी म्हणतो, ती आरामात बसतात. पण मधे रॉय ऑर्बिसन येतो तिथे आमच्या मित्राचा आवाज वर जाताना चिरकतो. पट्टी पांढरी तीनवर आणली की त्याला जमतं, पण मग माझं कडवं खर्जात जातं, पुढच्या रांगेलाही ऐकू येणार नाही.

'तू एकटाच गा, बाकीचे कोरस धरू' असं एकाने सुचवलं. ते मला अजिबात पटत नाही. या गाण्याची गोष्टच एकत्र जमण्याची आहे. १९८८ साली हॅरिसनला 'धिस इज लव्ह' या आपल्या गाण्याच्या युरोपातल्या सिंगलसाठी (एका गाण्याच्या रेकॉर्डसाठी) मागच्या बाजूला टाकायला एक जादा गाणं हवं होतं, बस. जेफ लिन तेव्हा ऑर्बिसनबरोबर काम करत होता, म्हणून ते दोघे आले. हॅरिसनची गिटार टॉम पेटीच्या घरी होती, ती आणायला हॅरिसन गेला आणि टॉमही सोबत आला. स्टुडिओ मिळाला बॉब डिलनच्या मालिबूच्या गॅरेजमध्ये. तिथे पडलेल्या एका खोक्यावर 'हँडल विथ केअर' लिहिलेलं होतं, तेच नाव झालं. रेकॉर्ड कंपनीने ऐकलं आणि हे मागच्या बाजूला घालवायचं गाणं नाही म्हणाली. त्यातून अख्खा अल्बम उभा राहिला, ऑक्टोबरमध्ये बाजारात आला. ६ डिसेंबरला ऑर्बिसन हृदयविकाराने गेला, अवघ्या ५२व्या वर्षी. त्यामुळे त्याच्या ओळी कापायला हात धजत नाही.

तर जाणकारांनो, सांगा:

पट्टी मधली, पांढरी चार धरली तर दोघांचं निभेल का? की ऑर्बिसनच्या ओळी आमच्यातल्या कीबोर्डवाल्या मैत्रिणीला द्याव्यात? तिचा आवाज सहज वर जातो, पण ऑर्बिसनचा तो भरीव थरथरणारा सूर बाईच्या आवाजात कसा वाटेल, हे ठरवता येत नाहीये.

आणखी एक. हार्मोनिका वाजवणारं कुणी नाही. शेवटचा डिलनचा तुकडा हार्मोनियमवर वाजवला तर चालेल का? कुणी असं करून पाहिलं असेल तर जरूर लिहा. रविवारी तालीम आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.