जैवविविधता डेटाच्या कार्यशाळा: स्वतःच्या नोंदी आणल्याशिवाय प्रवेश देऊ नये

कातळसडा (धागाकर्ता)

जैवविविधतेच्या डेटावर महाविद्यालयांत आणि संस्थांत कार्यशाळा वाढल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण बहुतेकांचा साचा एकच असतो. सकाळी उद्घाटन, मग महत्त्व सांगणारी दोन भाषणं, दुपारी आयोजकांनी दिलेल्या नमुना फाइलवर सराव, दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र. सहभागी घरी जातो आणि त्याच्या विभागातल्या वह्या कपाटातच राहतात.

माझं म्हणणं असं की प्रत्येकाने स्वतःच्या किमान शंभर नोंदींचा (कुठली प्रजाती, कुठे, कधी दिसली) तक्ता आणावा, नसेल तर प्रवेश देऊ नये. नमुना फाइल आधीच स्वच्छ असते आणि शिकायचं असतं ते चुकांमधून. नेहमी सापडणाऱ्या काही चुका बघा:

तारीख. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ८ जूनसाठी लिहिलेलं ०८/०६ हे एक्सेल ६ ऑगस्ट समजतं. १३ जून मात्र त्याला तारीख वाटतच नाही, ती मजकूर म्हणून राहते. एकाच रकान्यात अर्ध्या तारखा उलट्या आणि अर्ध्या मजकूर. पहिल्या पावसात ओरडणाऱ्या बेडकाची नोंद ऑगस्टमध्ये जाऊन बसते आणि कुणाला शंकाही येत नाही. उपाय साधा आहे: वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने भरायचे आणि शेवटी २०२३-०६-०८ या क्रमाने जोडायचे.

अक्षांश. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५. लोक १८.३० लिहितात. फरक ०.२ अंशाचा, म्हणजे जवळपास २२ किलोमीटर. पुण्यातली नोंद खेड-शिवापूरच्या आसपास जाते. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली तर बिंदू थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो, ते तपासणीत लगेच पकडलं जातं. २२ किलोमीटरची चूक महाराष्ट्रातच राहते, म्हणून ती जास्त घातक.

डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पृथ्वी-मापन पद्धतीवर बेतलेले असतात तिचं नाव. पहिल्या ओळीत जीपीएसची नेहमीची डब्ल्यूजीएस८४ लिहून कोपरा धरून खाली ओढलं की एक्सेल डब्ल्यूजीएस८५, ८६, ८७ भरत जातं. असे डेटम अस्तित्वातच नाहीत.

दशांश. रकाना दोन दशांशांपुरता दिसेल असा ठेवून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) जतन केली की जे दिसतं तेवढंच उरतं. पाच दशांशांची, मीटरभर अचूक नोंद एका झटक्यात किलोमीटरभर ढोबळ होते आणि मूळ प्रत नसेल तर परत मिळत नाही.

हे भाषणात ऐकून विसरलं जातं. स्वतःच्या फाइलमध्ये दिसलं की विसरत नाही.

रानवाट

चुकांची यादी अचूक आहे, अट मात्र पूर्ण चुकीची. शंभर ओळींचा तक्ता कुणाकडे असतो? पीएचडी करणाऱ्यांकडे. प्रशिक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे ती गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांना, आणि तुमच्या अटीने त्याच दाराबाहेर राहतील.

थोडी पार्श्वभूमी सांगते. जैवविविधता कायदा २००२ चा, त्याखालचे पहिले नियम २००४ चे. त्या नियमांनुसार समितीचं मुख्य काम होतं लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या प्रजाती आणि त्यांच्याबद्दलचं स्थानिक ज्ञान यांची वही, तयार करणं. बरीच वर्षं ते रखडलं. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये मुदत घातली: ३१ जानेवारी २०२० पर्यंत काम पुरं करा, नाहीतर राज्याला दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती. अशा घाईत काय होतं हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या गावाची यादी उचलायची, गावाचं नाव बदलायचं, सही-शिक्का.

त्या नोंदवह्या डार्विन कोअरच्या (जैवविविधता नोंदींसाठी जगभर वापरला जाणारा प्रमाण साचा) रकान्यांत बसवल्या तरी त्यांची किंमत वाढत नाही. जागेवर जे लिहिलं गेलं नाही ते कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही. म्हणून प्रशिक्षण वहीपासून सुरू व्हायला हवं: कुणी पाहिलं, कुणी सांगितलं, कधी, कुठल्या पाड्यावर, कुठल्या ओढ्याच्या कुठल्या अंगाला, पुरावा काय. आणि नाव गावात म्हणतात तसंच्या तसं. नुसतं 'कुडा' लिहिलं तर पांढरा कुडा की काळा कुडा ते कळत नाही. पहिला होलारेना, दुसरा राइटिया, वंशच वेगळे. पान आणि शेंगेचा फोटो, किंवा वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली फांदी सोबत असेल तर सहा महिन्यांनी तज्ज्ञ ओळख पटवू शकतो. नसेल तर ती नोंद मेली.

कातळसडा

@रानवाट, वही आधी हे मान्य. पण वही कशी लिहायची हे रकाने माहीत असल्याशिवाय ठरत नाही. ठिकाणाचंच घ्या. जुन्या वहीत फक्त 'आंबोली' असतं. टंकताना कुणीतरी नकाशावरून गावाच्या मध्याचे अक्षांश-रेखांश टाकतो, पाच दशांशांत. नोंद गावापासून पाच किलोमीटरच्या परिघात कुठेही असू शकते, तर अनिश्चिततेच्या रकान्यात ५००० मीटर लिहायलाच हवं. तो रिकामा सोडला की पुढचा अभ्यासक बिंदू खरा धरतो आणि एक किलोमीटरच्या चौकोनांत पाऊस-तापमान दिलेल्या हवामान-नकाशावर ठेवतो. घाटमाथा आणि तळकोकण यांच्यात त्या पाच किलोमीटरांत उंची सहाशे-सातशे मीटरने बदलते. प्रजातीच्या अधिवासाचं सगळं गणित चुकतं. हा रकाना का आहे ते ज्याला कळलं, तो पुढच्या वेळी वहीत 'आंबोली' एवढंच लिहिणार नाही.

पाणथळ

तुम्ही दोघंही एका एका नोंदीबद्दल बोलताय. मला अडचण त्याच्याही आधी दिसते. किती वेळ शोधलं, किती अंतर चाललात, आणि काय दिसलं नाही, हे कार्यशाळांमध्ये जवळजवळ शिकवलंच जात नाही.

नीट स्वच्छ केलेल्या सुट्या नोंदींचा ढीग 'हा पक्षी इथे होता' एवढंच सांगतो. तो कमी झाला का, हे सांगू शकत नाही. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना कालावधी, अंतर आणि 'दिसलेल्या सगळ्या प्रजाती नोंदवल्या का' हे विचारतात ते याचसाठी. शेवटच्या प्रश्नाला 'हो' असेल तर यादीत नसलेला पक्षी म्हणजे न दिसलेला पक्षी, असं गणित मांडता येतं. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा घेता आला. तो सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून जास्त नोंदींवर उभा होता, आणि या नोंदींना 'यादी' हा सांगाडा होता म्हणूनच कल काढता आले.

फुलपाखरांच्या, बेडकांच्या, गवतांच्या नोंदींत हा सांगाडा फार क्वचित दिसतो. म्हणून पहिला धडा तक्त्याचाही नको आणि वहीचाही नको. पहिला धडा पद्धतीचा: दोनशे मीटरची रेघ, ठरलेला वेळ, ठरलेली माणसं, आणि शून्य आलं तर शून्य लिहायचं. डार्विन कोअरमध्ये 'इव्हेंट' हा वेगळा तक्ता यासाठीच आहे. एक फेरी म्हणजे एक ओळ, तिच्यात पद्धत, क्षेत्र आणि श्रम. त्या फेरीत दिसलेल्या प्रजाती दुसऱ्या तक्त्यात, फेरीच्या क्रमांकाने जोडलेल्या.

कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारं यंत्र) लावणाऱ्यांसाठी एक पुरवणी. बॅटरी बदलल्यावर काही यंत्रांचं घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं. प्रत्येक वेळी पहिला फोटो खऱ्या तारीख-वेळेच्या पाटीचा काढा, म्हणजे नंतर सगळ्या फोटोंची वेळ सरकवता येते. आणि दोन कार्डांवरच्या एकाच नावाच्या फाइली एका फोल्डरमध्ये ओतू नका, एक दुसरीला पुसून टाकते.

उंबर

चर्चा चांगली चालली आहे, पण सगळे 'प्रकाशित करा' याच दिशेने धावताहेत. कार्यशाळेच्या शेवटी जीबीआयएफ या जगभरच्या जैवविविधता नोंदींच्या खुल्या जाळ्यावर डेटासंच चढवणं हे यशाचं माप झालं आहे. मला ते धोक्याचं वाटतं.

शिंदळ माकुडीसारखी वनस्पती महाराष्ट्रातल्या मोजक्या कड्यांवर उरली आहे. कंदीलपुष्पांच्या कित्येक जातींची तीच गत. सरडे, कोळी, ऑर्किड यांचे संग्राहक नव्या जातींचे शोधनिबंध वाचून ठिकाण गाठतात, हे जगभर घडलं आहे. गोनियुरोसॉरस लुई ही चिनी पाल १९९९ मध्ये शास्त्रीय नावाने जाहीर झाली आणि मूळ ठिकाणाहून काही वर्षांत नाहीशी झाली. एकदा सार्वजनिक झालेला डेटा मागे घेता येत नाही. तुम्ही काढून टाकलात तरी उतरवलेल्या प्रती फिरत राहतात.

आणि नुसते अक्षांश झाकून भागत नाही. शेरा-रकान्यात 'देवळामागच्या कड्यावर' राहून जातं. फोटोच्या फाइलमध्ये जीपीएस असतो. त्याच दिवशी, त्याच माणसाने, त्याच फेरीत केलेल्या साध्या गवताच्या नोंदीला अचूक अक्षांश असले की झाकलेली जागा आपोआप उघडी पडते. हे तपासायला शिकवणारी कार्यशाळा क्वचितच मिळते.

नोंदवहीतल्या औषधी उपयोगांचं तर विचारूच नका. वैदूने सांगितलेली माहिती ही समितीची ठेव आहे. ती खुल्या परवान्याखाली टाकण्याचा अधिकार प्रशिक्षणार्थीला कुणी दिला?

कातळसडा

औषधी ज्ञानाबद्दल पूर्ण सहमत, त्याला हात लावू नये. ठिकाणांबद्दल मात्र तीव्र असहमती.

सरसकट झाकण्याचा फायदा कुणाला होतो ते बघा. आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी दाखवतं, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे २२ किलोमीटर. सह्याद्रीत तेवढ्यात कोकण, घाट आणि देश तिन्ही येऊ शकतात. मग पर्यावरणीय आघात मूल्यांकन करणारा सल्लागार लिहून मोकळा होतो की प्रकल्पक्षेत्रात महत्त्वाच्या प्रजातीची नोंद नाही. कातळसडे, म्हणजे सपाट खडकाळ माळ, खाणींना आणि बांधकामांना असेच जातात, कारण कागदावर ते 'पडीक' असतात. संग्राहक चार झाडं नेईल, जेसीबी सगळा सडा नेतो.

प्रजाती बघून ठरवा. खणून नेण्यासारखी असेल तर ०.१ अंश. अधिवास जाण्याचाच धोका असेल तर ०.०१ पुरे. आणि किती ढोबळ केलं ते त्यासाठी असलेल्या रकान्यात लिहा, नाहीतर वाचणारा तोच बिंदू अचूक समजतो.

उंबर

मूल्यांकन समितीला अचूक ठिकाण मागणीवरून देता येतं, त्यासाठी ते जगासमोर ठेवावं लागत नाही. नोंद आहे, तपशील अमुक संस्थेकडे आहे, एवढं जाहीर असलं तरी सल्लागाराला 'नोंद नाही' म्हणता येत नाही.

कातळसडा

जनसुनावणीच्या आधी गावकऱ्यांना मिळणारे दिवस मोजके असतात. तेवढ्यात संस्थेकडे अर्ज, उत्तर, तपशील, हे सगळं पार पडेल असं मला वाटत नाही. कागद हातात आधी हवा.

जोडाक्षर

प्रशिक्षण देणाऱ्या बाजूने लिहितो. नोंदी आणण्याच्या अटीला माझा पाठिंबा आहे, पण दोन दिवसांत ते जमणार नाही हेही सांगायला हवं. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक बेटांसाठी युरोपीय संघाच्या पैशातून जीबीआयएफने जो कार्यक्रम चालवला, त्यात कार्यशाळेआधी ऑनलाइन तयारी आणि नंतर पाठपुरावा होता. आपल्याकडे अनुदान सभागृह आणि जेवणावर संपतं, पाठपुराव्याला मार्गदर्शक उरत नाही. पाच-सहा जणांमागे एक जाणकार नसेल तर शंभर ओळींचा प्रत्येकी वेगळा गोंधळ सोडवणं अशक्य.

साधन म्हणून ओपनरिफाइन हे तक्ते स्वच्छ करण्याचं सॉफ्टवेअर शिकवा. ते स्वतःच्या संगणकावर चालतं, इंटरनेट नसलं तरी स्वच्छतेचं काम अडत नाही, आणि प्रत्येक बदलाची नोंद राहते. एकाच गावाची चार स्पेलिंग त्यातल्या 'क्लस्टर' या सोयीने एका जागी दिसतात, पण एकत्र करण्याआधी एकेक वाचा. वडगाव आणि वडगाव बुद्रुक एकत्र करून टाकणारे पाहिले आहेत.

शास्त्रीय नावांत घाई नको. खैर जुन्या वह्यांत अकेशिया कॅटेचू, आता सेनेगालिया कॅटेचू. बाभूळ व्हॅचेलियात गेली. तुम्ही लिहिलेलं मूळ नाव पुसू नका, स्वीकृत नाव वेगळ्या रकान्यात घ्या. जीबीआयएफच्या यादीत जुळणारी प्रजाती सापडली नाही तर नोंद वंशाच्या पातळीवर जुळवली जाते. सह्याद्रीतून नुकत्याच वर्णिलेल्या जातींचं असं होऊ शकतं. फक्त 'जुळलं' एवढं बघून पुढे गेलात तर प्रजाती हरवते.

रानवाट

@जोडाक्षर, मराठीबद्दलही सांगा ना. कित्येक गावांच्या नोंदवह्या श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. त्या युनिकोडमध्ये आणल्याशिवाय रकान्यात नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये असलेली सीएसव्हीसुद्धा एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली की देवनागरीचा चुराडा होऊ शकतो, आणि तशीच जतन केली की संपलं. 'डेटा'मधून मजकूर-आयात करून यूटीएफ-८ हा युनिकोडचा पर्याय निवडायला शिकवणं हा अर्ध्या तासाचा विषय आहे, पण तो मराठी कार्यशाळेतही नसतो.

माझा प्रस्ताव असा: प्रवेशाची अट तक्त्याची नको, वहीची ठेवा. समितीची नोंदवही, शाळेची निरीक्षण-वही, वनरक्षकाची डायरी, काहीही. पहिला दिवस तीच वही टंकण्याचा.

कातळसडा

वही चालेल. दोन गोष्टी मात्र आधी करून याव्यात: पानांना क्रमांक, आणि प्रत्येक पानाचा फोटो. टंकलेल्या ओळीत पान क्रमांक असला की शंका आल्यावर मूळ नोंदीपर्यंत जाता येतं. आणि वही समितीची असेल तर समितीचा ठराव सोबत हवा, उंबर यांचा आक्षेप तेवढ्यापुरता बरोबर आहे.