बंड्याला साताऱ्याहून श्टुटगार्टला आणायचंय

प्रेषक: निनाद, श्टुटगार्ट
दिनांक: ३ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी,

एरवी मी जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या या मेल-लिस्टवर पाडव्याच्या साउंड सिस्टीमपुरताच उगवतो, आज घरचं काम आहे. नोव्हेंबरात बाबा गेले, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. आई आता ठाण्याला दादाकडे राहायला जाणार, साताऱ्याचं घर मार्चअखेर रिकामं करायचं ठरलंय. प्रश्न उरलाय बंड्याचा. बाबांचा कुत्रा, सात वर्षांचा, गावठी, २१ किलो. दादाच्या धाकटीला दमा आहे, त्यामुळे ठाण्याला नेता येत नाही. गावात ठेवून घेणारे आहेत, पण तो अजून बाबांच्या खुर्चीखालून हलत नाही, आणि आई म्हणते, त्याला कुणाच्या दारात बांधू नका.

मी २२ मार्चला जातोय, ३० ला परत. येताना त्याला घेऊनच यावं म्हणतो. पुण्यातल्या एका एजंटाशी बोललो. तो म्हणाला, "सर, सगळं होऊन जाईल, तुम्ही फक्त ॲडव्हान्स टाका." रेबीजची लस दरवर्षी झालीय, पुस्तक आहे. कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप नाही. दोन महिने पुरतील ना?

निनाद

*

प्रेषक: प्रसाद, म्युनिक
दिनांक: ३ फेब्रुवारी

केबिनमध्ये बहुतेक कंपन्या पिशवीसकट साधारण ८ किलोपर्यंतच घेतात. तुझा २१ चा, म्हणजे विमानाच्या पोटात. बाकी वैशालीताईंना विचार, त्यांनी कोल्हापूरहून दोन आणलेत.

*

प्रेषक: वैशाली, माइन्त्स
दिनांक: ४ फेब्रुवारी

निनाद, नाही पुरणार. आधी हे सगळं वाच, मग ॲडव्हान्सचं बघ.

रेबीजच्या हिशेबात युरोपीय संघाने देशांची एक यादी केली आहे. त्या यादीतल्या देशांतून कुत्रं आणायचं तर चिप, लस आणि दाखला एवढ्यावर भागतं. अमेरिका, जपान, अगदी दुबईसुद्धा त्यात आहे. भारत नाही. म्हणून तुझ्या ऑफिसातला कुणी दुबईहून महिन्याभरात कुत्रा घेऊन आला असेल, तर ते उदाहरण धरू नकोस. आपल्याला रक्ततपासणी लागते, आणि सगळा वेळ खाते ती तीच.

क्रम असा आहे आणि तो हलत नाही. आधी चिप. मग लस, चिपच्याच दिवशी चालते, पण चिपच्या आधी नाही. लसीनंतर निदान ३० दिवस गेले की रक्त काढायचं. ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासलं पाहिजे, आणि लसीमुळे तयार झालेल्या प्रतिपिंडांचा आकडा ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिली किंवा त्याहून वर यायला हवा. मग रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. रिपोर्टच्या तारखेपासून नाही, रक्ताच्या. यात लोक दोन्ही बाजूंनी चुकतात.

आता तुझा हिशेब. बंड्याला चिप नाही, म्हणजे बाबांनी सात वर्षं इमानेइतबारे टोचून घेतलेल्या लसी इथल्या लेखी नाहीतच. कारण लस कुठल्या कुत्र्याला दिली हे पुस्तकावरून कळत नाही, चिपवरून कळतं. या शनिवारी, ८ तारखेला, चिप आणि लस केलीस तर १० मार्चच्या आत रक्ताला सुई लावायची नाही. १० मार्चला रक्त, तर १० जूनच्या आत विमान नाही. तिकीट आधी काढून मागून कागद बसवता येत नाहीत, कागदांवरून तिकीट काढायचं.

तीन महिने कशाला, लस तर झालीय, असं मलाही वाटलं होतं. तपासणीतून लस अंगी लागली एवढंच कळतं. पण लसीच्या आधीच एखाद्या पिसाळलेल्या कुत्र्याने चावा घेतलेला असेल, तर ते रक्तात दिसत नाही. तसं काही असलं तर बहुतेक वेळा या तीन महिन्यांत वर येतं. ते समजल्यावर माझी चिडचिड कमी झाली.

आता माझी फजिती ऐक. कोल्हापुरात आमच्या डॉक्टरांनी चिप आणि लस एकाच सकाळी केली, माझ्या डोळ्यांदेखत, आधी चिप. पुस्तकात मात्र लसीपुढे १२ तारीख आणि चिपपुढे १३. चिपचं स्टिकर दुसऱ्या दिवशी लावलं, म्हणून त्या दिवसाची तारीख टाकली म्हणे. माणूस भला, हात हलका, तारखेचं एवढं काय असा स्वभाव. मी पाहिलंच नाही. रक्त गेलं, रिपोर्ट आला, आकडा झकास. इथल्या सरकारी पशुवैद्यांना सगळं स्कॅन करून पाठवलं, तर बाईंचं एका ओळीचं उत्तर: लस चिपच्या आधीची आहे. पुन्हा लस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. खाडाखोड करून तारीख दुरुस्त करू का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी नको म्हटलं. खाडाखोडीचा कागद बघून ते लोक बाकीचेही कागद उलटेपालटे करून बघतात.

तेव्हा तुझ्या वतीने जो कुणी साताऱ्यात जाईल त्याला सांग: पुस्तकाच्या प्रत्येक पानाचा फोटो तिथेच, टेबलावरून उठायच्या आत, तुला पाठवायचा. चिपचे १५ आकडे तू मोठ्याने वाच, त्याने पुस्तकातले वाचायचे. रक्ताच्या फॉर्मवर तेच १५ आकडे. लसीच्या बाटलीवरचं बॅच नंबरचं लेबल पुस्तकात चिकटलंय का बघायचं.

एजंट वाईट असतात असं मी म्हणत नाही. विमानात जागा मिळवणं आणि मुंबईतल्या ॲनिमल क्वारंटाइनच्या ऑफिसातली वेळ घेणं, ही कामं ते आपल्यापेक्षा बरी करतात. पण "तुम्ही पुढे जा, कुत्रा आम्ही मागून पाठवतो" म्हणाला, तर थांब. तू आणि बंड्या यांच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर पडलं, तर तो तुझा पाळीव कुत्रा राहत नाही, व्यापारी माल होतो आणि नियमांचं बाडच बदलतं. सोबत आण, एकाच विमानाने.

बाकी उद्या. मुलीला पोहायला न्यायचंय.

वैशाली

*

प्रेषक: शरद, फ्रांकफुर्ट
दिनांक: ४ फेब्रुवारी

निनाद, वैशालीने कागदांचं सांगितलं, मी वेगळं विचारतो. राग मानू नकोस. सात वर्षं अंगणात मोकळा वाढलेला कुत्रा. तू सकाळी आठला कामावर जाणार. हा फ्लॅटमध्ये करणार काय? आमच्या शेजारच्यांनी असाच एक आणला होता, तो वर्षभर दाराकडे तोंड करून बसायचा.

शरदकाका

*

प्रेषक: निनाद, श्टुटगार्ट
दिनांक: ५ फेब्रुवारी

काका, राग कसला. हाच विचार मी आठवडाभर करतोय. तीन दिवस घरून काम असतं, घर तळमजल्यावर आहे, मागे हातभर बाग आहे. उरलेले दोन दिवस मेघना बघेल. तिथे ठेवला तरी तो दाराकडेच बघत बसणार आहे काका, निदान इथे त्याच्याशी मराठीत बोलणारं कुणी असेल.

ताई, तुमची मेल तीनदा वाचली. आईला फोन करून सांगितलं, जूनच्या आत जमत नाही. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मग मीही जूनपर्यंत इथेच राहते. त्याला एकट्याला कुठे ठेवणार?" घर रिकामं करायची घाई दादाला होती, तिला नव्हती, हे मला आत्ता कळतंय.

शनिवारी माझा मामेभाऊ बंड्याला घेऊन पुण्याला जातोय. २२ मार्चला मी जाणारच आहे, तेव्हा पिंजऱ्याचं बघतो. माप कसं घ्यायचं?

*

प्रेषक: वैशाली, माइन्त्स
दिनांक: ६ फेब्रुवारी

सुतळी घे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचं अर्ध मिळव. ही झाली पिंजऱ्याची लांबी. खांद्यांची रुंदी दुप्पट कर, ती रुंदी. उंची उभा राहिल्यावर डोक्यापर्यंत, कान ताठ असतील तर कानाच्या टोकापर्यंत, शिवाय खाली अंथरूण जाणार तेवढी वर. त्याला उभं राहता, वळता आणि पसरून झोपता आलं पाहिजे. हा आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचा नियम आहे आणि काउंटरवरचा माणूस खरोखर बघतो. दोन भाग लोखंडी बोल्टने जोडलेले हवेत, नुसत्या प्लास्टिकच्या खटक्यांवर जाऊ नकोस. चाकं असतील तर काढ. पाण्याचं भांडं दाराला आतून अडकवलेलं, बाहेरून ओतता येईल असं.

मार्चमध्ये पिंजरा घरात ठेवून ये. दार काढून ठेव आणि जेवण आत दे. जूनपर्यंत ते त्याचं घर झालं पाहिजे. झोपेची गोळी अजिबात देऊ नकोस, कुणीही सुचवली तरी. गुंगीतलं जनावर बहुतेक विमान कंपन्या घेत नाहीत, आणि वर गेल्यावर त्याचा श्वास, रक्तदाब बिघडला तर बघायला तिथे कुणी नसतं. (बंड्या गावठी आहे हे तुझं नशीब. पग असता तर जागाच मिळाली नसती. चपट्या नाकाचे कुत्रे उन्हाळ्यात बहुतेक कंपन्या पोटात घेत नाहीत.)

शेवटचा आठवडा धावपळीचा. मुंबईत क्वारंटाइन अधिकारी कुत्रा आणि कागद दोन्ही समोर बघून दाखला देतात. त्यावर सही झाल्यापासून १० दिवसांच्या आत तू युरोपात उतरला पाहिजेस. फ्लाइट रद्द झाली तर काय, म्हणून सही विमानाच्या दोन-तीन दिवस आधीचीच घे, आठ दिवस आधीची नको. दाखला जर्मन आणि इंग्रजी असा आण. थेट मुंबई ते फ्रांकफुर्ट किंवा म्युनिक, मध्ये बदल नको. उतरल्यावर सीमाशुल्काच्या लाल मार्गाने जायचं, तोंडाने सांगायचं, कुत्रा आहे. हिरव्या मार्गाने निघून गेलास तर कागद चोख असूनही गुन्हेगार.

आणि घरमालकाला आजच लिही. सरसकट कुत्राबंदीचं कलम भाडेकरारात असलं तरी ते टिकत नाही, २०१३ मध्ये जर्मनीच्या केंद्रीय न्यायालयाने तसा निकाल दिलाय. पण परवानगी मागावी लागतेच.

*

प्रेषक: अदिती, लेस्टर (आधी ड्युसेलडोर्फ)
दिनांक: ६ फेब्रुवारी

अजून लिस्टवर आहे, म्हणून मध्येच नाक खुपसते. ताई म्हणतात ते जर्मनीचं. इंग्लंडचा विचार करणाऱ्यांनी हे जसंच्या तसं उचलू नका. इथे कुत्रा विमानाने फक्त मालवाहू कागदांवर येतो, तुमच्या सामानात नाही. शिवाय उतरायच्या २४ ते १२० तास आधी पट्टकृमीचं औषध पशुवैद्याने देऊन तशी नोंद केलेली लागते. २४ च्या आत दिलं तरी बाद, १२० च्या पुढे गेलं तरी बाद. माझी बहीण ऑस्ट्रेलियात आहे, तिने नादच सोडला. भारतातून थेट नेताच येत नाही, मान्य देशात काही महिने काढून मग मेलबर्नजवळ मिकलहॅमला क्वारंटाइन.

*

प्रेषक: लिस्टचे व्यवस्थापक
दिनांक: ७ फेब्रुवारी

मांजरांबद्दल तिघांनी मला खाजगीत विचारलंय. चिप, लस, रक्त, तीन महिने, सगळं तेच. कृपया मला विचारू नका, मला ॲलर्जी आहे.

*

प्रेषक: निनाद, श्टुटगार्ट
दिनांक: २४ जून

मंडळी,

बंड्या आला. शनिवारी सकाळी फ्रांकफुर्टला उतरलो.

ज्यांना पुढे आणायचंय त्यांच्यासाठी सविस्तर. ८ फेब्रुवारीला चिप आणि लस, ११ मार्चला रक्त, आकडा ०.५ च्या कितीतरी वर. सात वर्षांच्या लसी इथल्या कागदावर नसल्या तरी त्याच्या रक्तात होत्या. मामेभावाने दर पानाचे फोटो पाठवले. तिसऱ्या पानावर चिपच्या शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल झालेली सापडली, ४७ चे ७४. पुस्तक तिथल्या तिथे नवीन करून घेतलं. ताई, त्या एका सकाळीच तुमच्या मेलचे पैसे वसूल झाले.

लाल मार्गावर सीमाशुल्काच्या बाईंनी कागद घेतले आणि स्कॅनर काढला. मानेच्या डाव्या बाजूला फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला, काही नाही. चिप वाचली गेली नाही तर चार महिन्यांचे सगळे कागद रद्दी, हे मला तेव्हा पाठ होतं. मी सांगितलं, मुंबईत तीन दिवसांपूर्वी वाचली होती, खांद्याच्या खाली मिळाली होती. त्यांनी स्कॅनर हळूहळू खाली आणला, पार कोपराजवळ आल्यावर तो पिपला. चिप कातडीखाली सरकते म्हणे. त्यांनी १५ आकडे एकेक बोट ठेवून जुळवले, शिक्का मारला आणि विचारलं, जात कोणती? मी "गावठी" म्हणालो. त्यांनी "मिश्लिंग", म्हणजे मिश्र जातीचा, असं लिहिलं.

इथल्या पशुवैद्याकडून निळा पासपोर्ट करून घेतलाय. कुत्र्याच्या कराचा फॉर्म भरलाय. शरदकाका, दाराकडे तोंड करून बसतो हे खरं. पण काल बागेत खारीमागे धावला आणि परत येऊन माझ्या खुर्चीखाली झोपला.

आई ठाण्याला पोचली. रोज व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी बोलते, माझ्याशी नंतर.

आणि एक: पिंजरा देणे आहे, फुकट. बाहेरून ९१ × ६४ × ६९ सेंमी, लोखंडी बोल्ट, चाकं काढलेली, एकदाच वापरलेला. आतली चादर सोडून सगळं न्या. ती बाबांची आहे.

निनाद