नेब्रास्कातल्या होमस्टेडची घरातली गोष्ट कागदांशी कशी ताडून पाहावी?

शुभदा_क
लेकीचं सासर नेब्रास्कातल्या सलीन काउंटीतलं, मूळ चेक. नातवासाठी त्या घराची गोष्ट मराठीत लिहायची आहे. घरात सांगतात ते असं: खापरपणजोबा जेम्स बोहेमियातून १८८१ साली आले, सरकारनं १६० एकर फुकट दिली, मातीच्या घरात राहिले, टोळधाडीनं पहिलं पीक खाल्लं. जुने कागद आगीत गेले. हातात जमिनीच्या सनदेची फोटोकॉपी आहे. तीवर तारीख १८८१ आणि क्षेत्र ८० एकर. एवढ्यावरून काय काय शोधता येईल?

दप्तरखाना
शुभदाताई, १८८१ ही सनदेची तारीख आहे, येण्याची नव्हे. ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार (वस्ती करून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) अर्ज केल्यावर पाच वर्षं राहून जमीन कसायची, मग दोन साक्षीदारांसह अंतिम पुरावा द्यायचा आणि त्यानंतर वॉशिंग्टनहून सनद यायची. त्यात आणखी वर्षभर किंवा जास्तही जाई. म्हणजे अर्ज १८७५ च्या आसपासचा किंवा त्याआधीचा धरा. (माजी सैनिकांना लष्करातली वर्षं वजा मिळत, पण तो प्रश्न इथे दिसत नाही.) टोळधाडही याच्याशी जुळते. मोठी धाड १८७४ च्या उन्हाळ्यातली. घरचे १८८१ धरून बसले, तर ती गोष्ट खोटी वाटेल.

८० एकरांचं कारण बहुधा रेल्वे. रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंचे विषम क्रमांकाचे सेक्शन (६४० एकरांचे चौकोनी तुकडे) मिळाले होते. त्या पट्ट्यातल्या सम सेक्शनमध्ये होमस्टेडरला १८७९ पर्यंत साधारणपणे ८० एकरच मिळत. उरलेले ८० नंतर रेल्वेकडून विकत घेतले असतील, तर त्याची होमस्टेड फाइल सापडणार नाही. तो व्यवहार काउंटीच्या खरेदीखत कार्यालयात शोधायचा.

आणि 'फुकट' हा शब्द जपून वापरा. अर्जाचे १०, एजंटाचे २ आणि शेवटी ६ असे १८ डॉलर लागत. शिवाय बैल, नांगर, विहीर आणि पहिलं पीक येईपर्यंतचं धान्य हे सगळं स्वतःचं.

गटनंबर_३६
आता सनदेवरचं जमिनीचं वर्णन वाचा. ते मागून पुढे वाचायचं: आधी मेरिडियन, म्हणजे मोजणीची उत्तर-दक्षिण मूळ रेषा (नेब्रास्कात सहावी प्रधान), मग रेंज, म्हणजे त्या रेषेपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला कितवा पट्टा, मग टाउनशिप, मग सेक्शन, शेवटी सेक्शनचा भाग. टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैल, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. चतकोर सेक्शन म्हणजे १६०, त्याचा अर्धा म्हणजे तुमचे ८०. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून पश्चिमेकडे जातात आणि पुढच्या ओळीत उलटे फिरतात. ६ आणि ७ एकमेकांच्या खालीवर येतात, इथे हमखास घोटाळा होतो.

हे वर्णन, लँड ऑफिसचं नाव आणि अंतिम दाखल्याचा क्रमांक एवढं हाती असलं की नॅशनल आर्काइव्हजमधली मूळ फाइल मागवता येते. नेब्रास्काच्या मंजूर फाइली डिजिटल झाल्या आहेत. बीट्रिसजवळच्या होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्कात त्या मोफत बघायला मिळतात. घरचे कागद जळाले तरी सरकारी दप्तरातली ही फाइल वेगळी असते.

खरा ऐवज याच फाइलीत. सनद म्हणजे नुसता निकाल. अंतिम पुराव्यात घर किती फूट बाय किती, दारं-खिडक्या किती, किती एकर नांगरले, विहीर आहे का, कुटुंबात माणसं किती हे लिहिलेलं असतं. परदेशातून आलेल्याला अर्जाच्या वेळी नागरिक होण्याचा इरादा जाहीर करावा लागे आणि अंतिम पुराव्यापर्यंत नागरिकत्व घ्यावं लागे. त्याच्या नकलाही त्यातच. १८७९ पासून पुराव्याची जाहीर सूचना स्थानिक वृत्तपत्रात छापावी लागे, चार साक्षीदारांच्या नावांसह. साक्षीदार म्हणजे बहुधा शेजारी, कित्येकदा बायकोचे भाऊ.

नावानं शोधताना 'जेम्स'वर थांबू नका. नेब्रास्कातले चेक 'वाक्लाव्ह' इंग्रजीत 'जेम्स' लिहीत. फाइलीत 'वेन्झेल' किंवा 'वेन्सेस्लॉस'ही असू शकेल. १८९० ची जनगणना जवळजवळ सगळी नष्ट झाली आहे. तिच्याऐवजी नेब्रास्काची १८८५ ची बघा. कुटुंब कधी आलं हे १९०० च्या जनगणनेत विचारलेलं आहे.

मातीघर
घराबद्दल लिहाल तेव्हा 'मातीच्या भिंती' एवढ्यावर थांबू नका, नातू आपली धाब्याची घरं डोळ्यांपुढे आणेल. हे वेगळं बांधकाम. माळरानाचं गवत मुळांसकट खास नांगरानं कापायचं: पट्टी फूटभर रुंद, चारेक इंच जाड, आणि तिचे तीन-तीन फुटी तुकडे. लागतील तेवढेच त्या दिवशी कापायचे, कारण सुकले की मुळांची पकड सुटते आणि लादी हातात भुगा होते. गवताची बाजू खाली ठेवून रचायचं, भिंत दोन रांगांची, दोन-तीन फूट जाड, मधूनमधून एक थर आडवा टाकून दोन्ही रांगा बांधून घ्यायच्या. छपराला मात्र इलाज नव्हता. पाऊस थांबल्यावरही आत दोन दिवस गळत राही. म्हणून आढ्याखाली मलमलीचा कपडा ताणायचे, माती आणि कधी सापही त्यात अडकत.

लेकीच्या सासरच्या आजीशी बोलताना "त्या काळी कसं होतं" असं विचारू नका, उत्तर एका वाक्यात संपतं. चुलीत काय जाळायचे ते विचारा. झाडं नसलेल्या मुलखात गव्यांचं वाळलेलं शेण, पिळून बांधलेलं गवत, मक्याची कणसं जाळत. नातवाला गोवऱ्या माहीत आहेत, तिथं गोष्ट लगेच पोचेल. पाणी किती लांबून, हिमवादळात गोठ्यापर्यंत कसे जायचे, हेही विचारा. १२ जानेवारी १८८८ च्या हिमवादळात सापडलेल्या घरातल्या कुणा मुलीची आठवण सांगत असतील, तर तिचं वय जनगणनेशी ताडा. त्या सकाळी हवा उबदार होती, त्यामुळे पोरं पातळ कपड्यांत शाळेत गेली होती.

दप्तरखाना
एक राहिलं. 'रिकामी जमीन' असं लिहू नका. आग्नेय नेब्रास्का हा पॉनी आणि ओटो-मिसूरिया या मूळनिवासी जमातींचा मुलूख. करारांनी त्यांची जमीन सरकारकडे गेली आणि १८७० च्या दशकापासून त्यांना ओक्लाहोमाकडे हलवलं गेलं. तुमच्या ८० एकरांच्या गोष्टीत तीही ओळ हवी, तारखेसकट.

फाइल आली की आधी साक्षीदारांची नावं उतरवून घ्या आणि ती आजीला वाचून दाखवा. त्यातला एखादा कोण होता ते ती सांगेल, हे कुठल्याच दप्तरात मिळत नाही.