टोइंगच्या वादातून भावावर कलम १३२. अटकेला विरोध केल्यास शिक्षा किती?

कळवेकर:
गेल्या शनिवारी गोखले रोडवर धाकट्या भावाची दुचाकी टोइंगच्या गाडीवर चढवली जात असताना बोलाचाली वाढली आणि त्याने हवालदारांच्या हातातले चलनाचे यंत्र हिसकावले. झटापटीत त्यांच्या शर्टाचे बटण तुटले. पोलीस ठाण्यात नेताना ‘अटकेचे कारण लेखी द्या’ म्हणत तो गाडीचे दार घट्ट धरून उभा राहिला. रविवारी सुटीच्या न्यायालयातून जामीन मिळाला. भारतीय न्याय संहितेची १३२, २२१ आणि २६२ ही कलमे लावली आहेत. कोणी पाच वर्षे सांगते, कोणी नुसता दंड. शिवाय अटकच नियमबाह्य असेल, तर विरोध हा गुन्हा ठरतो का?

फौजदारी_ठाणे:
पाच वर्षांचा आकडा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३चा आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये त्या कलमाची शिक्षा वाढवली होती. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना न्याय संहिता लागू होते आणि तिच्या १३२मध्ये (लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर) कमाल दोन वर्षे कैद, दंड किंवा दोन्ही आहे. मात्र गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) व अजामीनपात्र (जामीन हक्क म्हणून नाही, न्यायालय ठरवते) आहे. २२१ म्हणजे निव्वळ अडथळा, त्याला तीन महिने किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याची दखल घेण्यासाठी न्यायालयाला संबंधित लोकसेवकाची किंवा त्यांच्या वरिष्ठांची लेखी तक्रार लागते, हे बचावात अनेकदा विसरले जाते. २६२ स्वतःच्या अटकेला केलेल्या विरोधासाठी आहे, कमाल दोन वर्षे, पण त्यात ‘कायदेशीर’ अटक हा शब्द आहे आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा जीव तिथेच आहे.

अटकेची कारणे लेखी आणि समजेल अशा भाषेत द्यावीत, तत्काळ शक्य नसेल तर तोंडी सांगून रिमांडला (कोठडीच्या मागणीसाठी न्यायालयात) हजर करण्यापूर्वी किमान दोन तास आधी लेखी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये म्हटले आहे. म्हणजे भावाची मागणी रास्त होती, दार धरणे नव्हे. न्याय संहितेच्या कलम ३७ प्रमाणे लोकसेवक सद्भावनेने, पदाच्या अधिकारात काही करत असेल आणि त्यातून मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल, तर ते कृत्य काटेकोरपणे कायदेशीर नसले तरी त्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही.

निवृत्त_ऐरोली:
तीस वर्षे खाकी घातली, म्हणून बटणाबद्दल सांगतो. तो शर्ट मुद्देमाल म्हणून जप्त होतो, पंचनामा होतो. हवालदारांचे वैद्यकीय प्रमाणपत्र मात्र आधी पाहा. त्यात दुखापत नोंदली असेल तर कलम १२१(१) लागू शकते आणि तिथे खरोखरच पाच वर्षे आहेत.

कळवेकर:
प्रमाणपत्रात ‘बाह्य जखम नाही’ असे आहे. अटकेच्या मेमोवर आईची सही आहे, पण वेळेचा रकाना कोरा आहे.

फौजदारी_ठाणे:
त्या मेमोची प्रमाणित प्रत आजच मागा. मेमोवर वेळ असणे नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ३६चा भाग नसला, तरी दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याची चोवीस तासांची मुदत अटकेच्या वेळेपासूनच मोजली जाते. शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचे चित्रण पुसले जाण्यापूर्वी ते जपून ठेवण्याचा लेखी अर्जही द्या. यंत्र कोणी कोणाकडून ओढले, हे त्यातच दिसेल.